वस्तीवरच्या झेडपी शाळेचा पट १६, समायोजन करणार म्हणतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या हातात नक्की काय आहे?

माळावरची
नमस्कार. इथं नेहमी वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा मोठा होईल.
आमची वस्ती दुष्काळी पट्ट्यात, गावठाणापासून लांब. वस्तीवर जिल्हा परिषदेची पहिली ते चौथी शाळा आहे, दोन खोल्या, दोन शिक्षक, पट १६. त्यातले एक गुरुजी कायम कुठल्या ना कुठल्या कामावर असतात. जुलैच्या पालकसभेत कुणीच पुढं येईना आणि माझी दोन्ही पोरं तिथंच आहेत म्हणून मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष व्हायला तयार झाले.
आता केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी) येऊन तोंडी सांगून गेलेत की वीसच्या आतल्या शाळांचं समायोजन होणार, पोरं गावठाणातल्या शाळेत जातील, तयारी ठेवा. कागद काही दिला नाही. गावठाण रस्त्यानं अडीच किलोमीटर आहे, मध्ये ओढा, पावसाळ्यात त्याला कधी पाणी येईल सांगता येत नाही, आणि पुढं राज्यमार्ग ओलांडायचा, तिथनं दिवसभर खडीचे डंपर आणि हंगामात उसाच्या गाड्या. पहिलीचं पोर सहा वर्षांचं असतं हो. ज्यांना परवडतं त्यांनी पोरं आधीच तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला व्हॅननं घातलीत, वस्तीवरच्या शाळेत राहिलीत ती रोजगाराला जाणाऱ्यांची, मेंढपाळांची आणि आमच्यासारख्या कोरडवाहूवाल्यांची.
समितीचं रजिस्टर मागून घेतलं. दर महिन्याला सभा झाल्याची नोंद आहे, सह्या आहेत. जुन्या सदस्यांना विचारलं तर म्हणाले सभा कुठली, रजिस्टरच घरी येतं सहीला. मला कुणावर आरोप करायचा नाही, पण ही समिती कायद्यातली आहे ना? मग तिला शाळा वाचवायचा काही अधिकार आहे का नाही? आणि नसेल तर मी काय करू? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

खानदेशी_पोऱ्या
ताई, ग्रामसभेचा ठराव घ्या लगेच. आमच्याकडे तेच केलं होतं. बाकी जाणकार सांगतीलच, धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

केंद्रप्रमुख_निवृत्त
ताई, तुम्ही रजिस्टर मागून वाचलंत हेच आधी मोठं काम झालं, माझ्या उभ्या नोकरीत असं करणारे अध्यक्ष फार थोडे भेटले. आता जे आहे ते सांगतो, गोड करून सांगत नाही.
शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यातलं कलम २१ म्हणजे तुमची समिती. तीन चतुर्थांश सदस्य पालकच पाहिजेत, एकूण सदस्यांत निम्म्या महिला पाहिजेत, वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. अध्यक्ष पालकांमधूनच. मुख्याध्यापक हे सचिव, म्हणजे सभा बोलावणं, इतिवृत्त लिहिणं हे त्यांचं काम, पण सभेचा विषय काय ठेवायचा हे तुम्ही सांगू शकता आणि सांगाच. कामं कायद्यातच लिहिलीत: शाळेच्या कारभारावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणं, आलेलं अनुदान कुठं खर्च होतं ते बघणं. आणि कलम २२ म्हणतं की हा आराखडाच शासनाच्या नियोजनाचा आणि अनुदानाचा आधार असेल. इतकी मोठी गोष्ट कायद्यानं गावच्या पालकांच्या हातात दिली आणि आम्ही काय केलं, तर वरून आलेला छापील नमुना भरून फाईलला लावला. शेजारच्या शाळेचा आराखडा उचलून नुसतं शाळेचं नाव बदललेले कागद मी पाहिलेत.
आता तुमचा मुख्य प्रश्न. शाळा बंद करायला किंवा जोडायला समितीची परवानगी लागेल असं कलम २१ मध्ये कुठंही नाही. म्हणजे तुमचा ठराव हा अडसर होत नाही. पण नियमात अंतर आहे: पहिली ते पाचवीला एक किलोमीटरच्या आत शाळा, सहावी ते आठवीला तीन किलोमीटर. तुमच्या एक किलोमीटरमध्ये दुसरी शाळा नसेल तर प्रशासनाला मोफत वाहतुकीची सोय दाखवावी लागते. ती कागदावर सहज दाखवता येते, म्हणून ठरावात नुसतं "आमचा विरोध आहे" लिहू नका. ओढा लिहा, राज्यमार्ग लिहा, मुलांची वयं लिहा, पावसाळ्यात किती वेळा वाट बंद होते ते लिहा. नुसता विरोध फायलीत सहज दबतो. सहा वर्षांच्या मुलाला ओढा ओलांडावा लागतो हे वाचून त्याखाली सही करायला अधिकारी दोनदा विचार करतो.

मुळशीकर
एक वेगळी बाजू मांडतो, राग मानू नका. मी स्वतः झेडपी शाळेत शिकलोय आणि पोरगाही सरकारी शाळेतच आहे. पण १६ पट म्हणजे चार वर्गांत मिळून १६, एकेका वर्गात चार पोरं. त्यात एक गुरुजी कामावर गेले की दुसरे एकटे चार वर्ग सांभाळणार. पोरांना खेळायला संघ होत नाही, वर्गात चर्चा होत नाही. २१ सप्टेंबर २०२३ चं जे पत्र निघालं समूह शाळांचं, म्हणजे लहान शाळा एका मोठ्या शाळेत आणायचं, त्यावर सगळे तुटून पडले, पण त्यात तोरणमाळ आणि पानशेतच्या समूह शाळांची उदाहरणं दिली होती आणि कल्पना अशी होती की चांगली इमारत, सगळे शिक्षक, संगीत खेळ सगळं एका जागी. पोरांना ते मिळत असेल तर वस्तीवरच्या दोन खोल्या धरून का बसायचं? गाडी रोज वेळेवर आली तर माझा तरी विरोध नसता.

माळावरची
मुळशीकर दादा, राग कशाला. तुमचं म्हणणं मलाही पटतं, चार पोरांचा वर्ग मलाही आवडत नाही. पण गाडी येईल ही खात्री कुणाची? आमच्या वस्तीवर एसटी येत नाही. मुलींच्या फुकट पासची योजना आहे ती पाचवीपासून पुढं, ही पोरं पहिली ते चौथीची. आणि आधी गाडी सुरू करा, वर्षभर चालवून दाखवा, मग शाळा जोडा असं कुणी म्हणत नाही, सगळे म्हणतात आधी शाळा जोडा मग गाडीचं बघू.

डोंगरयात्री
वाहतूक भत्त्याबद्दल लिहितो कारण ह्यात आम्ही होरपळलोय. समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेतून मुलामागे वर्षाला ६००० रुपयांपर्यंत मिळतात. पैसे खात्यावर यायला वर्ष संपत येतं. तोवर गाडीवाला कुणाच्या भरवशावर चालवणार? आमच्या पाड्यावर सुरुवातीला जीप होती, दिवाळीनंतर ती बंद झाली, पोरं चालत जायला लागली. पोरगे जातात. पोरी काय करतात, आठवड्यातनं तीन दिवस जातात मग दोन दिवस मग घरी धाकट्याला सांभाळायला राहतात, आणि हजेरीपटावर नाव तसंच राहतं म्हणून गळती दिसत पण नाही. २०१७ च्या डिसेंबरात दहाच्या आतल्या १३०० च्या वर शाळा बंद करायचा निर्णय झाला होता तेव्हापासून हे बघतोय. २०२३ ला वीसच्या आतल्या शाळांचा आकडा आला १४,७८३ आणि त्यातली मुलं १,८५,४६७. पावणेदोन लाखांच्या वर मुलं आहेत ही, ह्यांना रोज कोण नेणार आणणार ह्याचा हिशोब मला अजून कुठं वाचायला मिळालेला नाही.

चौथीचा_मास्तर
सगळे प्रतिसाद वाचले. मी सध्या नोकरीत आहे, द्विशिक्षकी शाळा, त्यामुळे आयडी हाच राहू द्या.
ताईंच्या शाळेतले एक गुरुजी कायम कामावर असतात म्हणे, त्यांच्या बाजूनं थोडं लिहितो. कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम देऊ नये. निवडणूक हा शब्द आला की बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम आलं आणि बीएलओचं काम वर्षभर संपत नाही. त्याच्यावर यूडायस आणि सरल ह्या पोर्टलवर शाळेची माहिती भरणं, पोषण आहाराची रोजची ऑनलाइन माहिती, शिष्यवृत्ती, आधार, ह्याची लिंक त्याची लिंक, आणि व्हॉट्सअॅपवर मेसेज येतो "आज ४ वाजेपर्यंत माहिती सादर करणे". पोरं समोर बसलेली असतात आणि मी मोबाईलमध्ये डोकं घालून असतो. पालक दारातनं बघतात, त्यांना वाटतं मास्तर फोनवर टाइमपास करतोय. हे रोज होतं आणि रोज लागतं मनाला.
पैशाचं सांगतो. ३० पर्यंत पट असला तर शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान १०,००० रुपये. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. उरलेल्यात लाईट बिल, खडू, स्टेशनरी, नळाची दुरुस्ती, पंखा, इंटरनेट. पट ३१ झाला तर हेच २५,००० होतात. म्हणजे लहान शाळेची खोली गळायची थांबत नाही पण पैसे कमी. पट कमी म्हणून पैसे कमी, पैसे कमी म्हणून शाळा भकास, भकास म्हणून पालक पोरं काढतात, पट अजून कमी.
आणि शिक्षकच कमी करायचं चाललंय. कायदा म्हणतो ६० पटापर्यंत दोन शिक्षक. १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवण्याचा, शासन निर्णय आला त्यात सहावी ते आठवीला वीसच्या आत पट असेल तर पदच नाही. २०२४ च्या सप्टेंबरात आदेश आला की छोट्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमा, त्यावर आम्ही राज्यभर सामूहिक रजेवर गेलो. त्यात १ सप्टेंबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) निकाल, पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरलेल्यांनी दोन वर्षांत पास व्हायचं. पंचवीस पंचवीस वर्षं शिकवलेली माणसं रात्री अभ्यासाला बसलीत. मी तक्रार म्हणून सांगत नाही, गुरुजी थकलेले का दिसतात ते कळावं म्हणून सांगतोय.
रजिस्टर घरी पाठवतो हेही खरं आहे बऱ्याच ठिकाणी. सभा बोलावली की दोन बाया येतात, बाकी सगळे रानात. कोरम होत नाही आणि वरून इतिवृत्त मागतात.

माळावरची
मास्तर, हे लिहिलंत ते फार बरं झालं. आमच्या गुरुजींना पण हेच म्हणायचं असेल, आम्ही कधी विचारलंच नाही.
सभेचं म्हणाल तर दुपारी बाराला सभा ठेवली तर रोजगाराची बाई हजेरी बुडवून कशी येणार? मी सभा संध्याकाळी सातला देवळात ठेवायचं म्हणतेय. चालतं का तसं नियमात?

केंद्रप्रमुख_निवृत्त
वेळेला काहीही बंधन नाही. संध्याकाळीच ठेवा. फक्त मुख्याध्यापकांना आधी विश्वासात घ्या, त्यांनाही लांब घरी जायचं असतं.

बचतगट_वाली
मला गणवेशाचं सांगायचंय कारण समितीच्या हातातनं काम काढून वर नेलं की काय होतं ते आम्ही डोळ्यांनी बघितलं. आधी कसं होतं की गणवेशाचे पैसे समितीला यायचे, एका जोडीला ३०० रुपये, मग समिती गावातल्या नाहीतर तालुक्यातल्या टेलरकडनं माप घेऊन शिवून घ्यायची. कमी पैसे होते, कापड भारी नव्हतं, पण पोराच्या अंगाला बसायचं आणि पंधरा ऑगस्टच्या आत मिळायचं. २०२४-२५ ला एक राज्य एक गणवेश आलं. कापड एका ठिकाणाहून, एक जोड वरूनच कापून महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांनी शिवायची, दुसऱ्याचं नुसतं कापड आणि शिलाईला १०० रुपये. शंभर रुपयांत शर्ट पँट कोण शिवतं सांगा. मापं घेतलीच नव्हती, इयत्तेवरून साईझ. पहिलीतल्या बारक्या पोराला चड्डी गुडघ्याच्या खाली आणि चौथीतल्या पोरीचा फ्रॉक दंडात अडकलेला. कितीतरी शाळांत स्वातंत्र्यदिनाला पोरं जुन्या कपड्यात उभी होती. शेवटी २०२४ च्या डिसेंबरमध्ये सरकारनं ते मागं घेतलं आणि काम परत समितीकडं दिलं.
आम्ही गटातल्या बायका ह्यात मधल्यामध्ये बोलणी खाल्ली, कापून आलेलं आम्ही फक्त जोडत होतो. पण ताई, ह्यातनं एक घ्या, समितीला जेव्हा जेव्हा खरं काम दिलं तेव्हा तिनं ते नीट केलंय. सोळा पोरांची मापं घ्यायला मंत्रालय कशाला लागतं.

एडिसनकर
न्यू जर्सीहून लिहितेय. माझं माहेर सोलापूर जिल्ह्यातलं, चौथीपर्यंत झेडपी शाळाच. इकडची पद्धत सांगते, तुलना करायला नाही, एक दोन गोष्टी उचलता येतील म्हणून.
आमच्या गावाचं स्कूल बोर्ड नऊ जणांचं आहे, लोकांनी मतदान करून निवडलेलं, तीन वर्षांची मुदत, मानधन शून्य. शाळांचा खर्च मोठ्या प्रमाणात घरपट्टीतून येतो आणि ती घरपट्टी वर्षाला २ टक्क्यांच्या वर वाढवायला कायद्यानं मर्यादा आहे, त्यामुळे दर वर्षी वसंतात बजेटच्या वेळी भांडणं, कुठले शिक्षक कमी करायचे, कुठली बस बंद करायची. शाळांच्या हद्दी बदलायच्या म्हटलं की सभागृहात उभं राहायला जागा नसते. म्हणजे प्रश्न इकडेही आहेत आणि त्यात आपली मराठी कुटुंबंही आहेत, काही जण बोर्डाची निवडणूकही लढवतात.
पण इथं दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटल्या. एक, सभेचे विषय आधी जाहीर होतात आणि सभेत कुणाही नागरिकाला माईकसमोर ठरलेली मिनिटं बोलता येतं, आणि ते नोंदलं जातं. दुसरं, इतिवृत्त सगळ्यांना वाचायला मिळतं. ताई, तुमच्या सभेचं इतिवृत्त शाळेच्या फळ्याशेजारी लावा आणि वस्तीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाका. जे काम शाळेत दिसतं त्यावर लोक बोलायला लागतात.

गिरगावचा_बाळ
एडिसनकर, बोर्ड निवडून देतात हे वाचून आठवलं, आपल्याकडेही शिक्षण मंडळं होती की. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याखाली जिल्ह्यांची आणि नगरपालिकांची. जिल्ह्यांची मंडळं १९६२ ला जिल्हा परिषदा आल्यावर त्यांच्यात गेली, महापालिकांची २०१३ ला कायदाच रद्द करून काढली. त्यात गैरकारभार होता, खरेदीत काय चालायचं ते सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे कुणी अश्रू ढाळले नाहीत. पण पुढं झालं काय तर मार्च २०२२ पासून महापालिका आणि बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले, ओबीसी आरक्षणाच्या केसमुळे निवडणुका लटकल्या, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की घ्या. म्हणजे तीन वर्षांहून जास्त काळ शिक्षण समितीला सभापती नव्हता, सदस्य नव्हते, शाळा बंद होतेय म्हणून जाब विचारायला निवडून आलेला माणूसच नव्हता. समूह शाळांचं पत्र, शाळा कंपन्यांना, संस्थांना दत्तक द्यायचा निर्णय, नवी संचमान्यता, सगळं ह्याच काळात आलं. मुंबईत मराठी माध्यमाच्या महापालिका शाळा दहाएक वर्षांत शंभरच्या आसपास कमी झाल्या, आमच्या वॉर्डातली गेली तेव्हा आम्ही कुणाकडे जायचं हेच कळत नव्हतं. अशा वेळी लोकांच्या हातात राहिलेली एकच जागा म्हणजे तुमची शाळेची समिती. ती सोडू नका ताई.

सांगेकार
गोव्यातून. आमच्याकडे सरकारी मराठी आणि कोकणी प्राथमिक शाळा पटाअभावी बंद पडत आल्यात. २०११ ला इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचा निर्णय झाला तेव्हापासून मोठा वाद आहे, त्यात जात नाही. एवढंच सांगतो, आमच्या वाड्यावरची शाळा बंद झाली तेव्हा इमारत रिकामी राहिली आणि वाड्यावर चारचौघांनी जमायची जागाच गेली. मतदान, लसीकरण, सगळं शाळेतच व्हायचं.

वाचनवेडी_सातारा
चांगल्या शाळांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. आमच्या साताऱ्यात कुमठे बीटमध्ये (म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात) विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादाचं, म्हणजे पोरांनी स्वतः करून शिकायचं, जे काम केलं ते बघायला राज्यभरातून शिक्षक आले. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यात जालिंदरनगरची झेडपी शाळा दत्तात्रय वारे गुरुजींनी गावाला बरोबर घेऊन उभी केली, पार बोटावर मोजण्याइतक्या पटापासून. म्हणजे कमी पट हा शेवट नसतो.
पण मला ह्यात एक काळजी वाटते, आपण प्रत्येक वेळी एका गुरुजींचं नाव घेतो. बदली झाली की? शाळा गुरुजींच्या जिवावर उभी राहते आणि बदलीच्या ऑर्डरबरोबर खाली बसते हे आपण किती ठिकाणी पाहिलंय. पालक मात्र बदलून जात नाहीत. म्हणून मला समिती जास्त महत्त्वाची वाटते, तिचे फोटो पेपरात येत नसले तरी.

चौथीचा_मास्तर
ताई, एक तांत्रिक पण फार महत्त्वाचं. १६ पट हा हजेरीवरचा की आधार वैध झालेला? संचमान्यतेला ३० सप्टेंबरचा पट धरतात आणि ज्यांचं आधार पोर्टलवर वैध झालंय तेच मोजतात. पोराच्या नावात एक अक्षर इकडं तिकडं, जन्मतारीख जुळत नाही, की ते पोर शाळेत रोज बसून जेवून सुद्धा मोजणीत नाही. आधी हे बघा.

माळावरची
मास्तर, विचारून आले. हजेरीवर १९ आहेत! १६ हे आधार वैध झालेले. दोन मेंढपाळांची पोरं आहेत त्यांचं आधार निघालेलंच नाही आणि एका मुलीच्या नावात चूक आहे. म्हणजे इतके दिवस आम्ही १६ चा आकडा ऐकून घाबरून बसलोय.

केंद्रप्रमुख_निवृत्त
बघा, रजिस्टर वाचायचं म्हणतो ते ह्यासाठी. आता अंगणवाडीत जा. सेविकेकडे वस्तीवरच्या सगळ्या बाळांची जन्मतारखेसकट यादी असते. पुढच्या जूनला पहिलीच्या वयाची होणारी किती, त्याच्या पुढच्या वर्षी किती, हे काढा. तीन वर्षांचा येणारा पट हाच तुमच्या विकास आराखड्याचा पहिला तक्ता. शाळा जोडायचा विचार करणारा अधिकारी आजचा पट बघतो, तुम्ही त्याला तीन वर्षांनंतरचा दाखवा.
ऊसतोडीला जाणारी घरं असतील तर त्यांचंही लिहा. दसरा दिवाळीनंतर आईबापाबरोबर पोर कारखान्यावर गेलं की पट आपोआप पडतो. आजी असेल तर पोराला मागे ठेवता येतं, हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे, म्हणजे गावातच नातेवाईक नाहीतर शाळा त्या मुलांच्या जेवणाखाण्याची सोय करते. समितीनं मागणी केल्याशिवाय ते सुरू होत नाही आणि उशिरा मागितलं तर अर्धा हंगाम निघून जातो.

मुळशीकर
१९ आहेत हे वाचून बरं वाटलं. माझं मत तरी तेच, एका वर्गात पाच पोरं ही चांगली गोष्ट नाही. पण व्हॅननं बाहेर जाणारी पोरं किती आहेत वस्तीवरची? त्यांच्या आयांना सभेला बोलवा की. त्यांना काय कमी वाटलं म्हणून पोरं काढली हे त्याच सांगतील. आमच्याकडं विचारलं तेव्हा कळलं की इंग्रजीपेक्षा शिक्षक रोज वर्गात नसतात हे खरं कारण होतं.

माळावरची
अंगणवाडीची यादी मिळाली. पुढच्या दोन वर्षांत पहिलीला येणारी नऊ पोरं आहेत, व्हॅनवाली सोडून.
काल संध्याकाळी सातला देवळात सभा झाली. पुरुष कमी आले, बायका भरपूर आल्या, लहान पोरं मांडीवर घेऊन. गुरुजी थांबले, त्यांनी स्वतःहून सांगितलं की कुठली कुठली कामं असतात, बायकांना ते माहितीच नव्हतं. मुळशीकर दादांनी सांगितल्याप्रमाणं व्हॅनवाल्या आयांनाही बोलावलं होतं, तिघी आल्या. एकजण म्हणाली व्हॅनचे पैसे फेडताना जीव जातो, दोन्ही गुरुजी रोज वर्गात असतील तर मी पोरीला परत आणते. हे तसंच्या तसं इतिवृत्तात लिहायला लावलं. ठरावात ओढा, राज्यमार्ग, मुलांची वयं, आधारचं आणि एका गुरुजींना शाळेबाहेरच्या कामातून मोकळं करायची मागणी, सगळं आलंय. मेंढपाळांच्या पोरांच्या आधारसाठी बाजारच्या दिवशी तालुक्याला जायचं ठरलंय, ग्रामपंचायत सदस्य गाडी देणार आहेत.
आता ठराव कुणाकुणाला द्यायचा? आणि अंतर नकाशावर बघितलं तर दीड किलोमीटर दाखवतंय, रस्त्यानं अडीच आहे, ते काय करायचं?

डोंगरयात्री
नकाशा सरळ रेषेत दाखवतो. पोरं ज्या वाटेनं जाणार ती वाट मोबाईलवर चालत रेकॉर्ड करा, ओढ्यापाशी आणि राज्यमार्गापाशी थांबून फोटो काढा, फोटोवर तारीख वेळ येऊ द्या. जमलं तर पाऊस असतानाचा ओढ्याचा फोटो.

केंद्रप्रमुख_निवृत्त
ठराव गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी प्राथमिक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी तिघांना, प्रत्येकाची पोच घ्या, आवक क्रमांकासह. ग्रामसभेचा ठराव वेगळा करून त्यालाच जोडा, खानदेशी पोऱ्यानं सुरुवातीलाच सांगितलंय ते बरोबर आहे. समायोजनाबद्दल तोंडी सांगितलंय तर ज्या पत्राच्या आधारे सांगितलं त्याची प्रत लेखी अर्जानं मागा.
आणि एक राहिलं. गावठाणच्या शाळेलाही समिती आहे. तुमची पोरं तिथं येणार तर त्यांच्याकडं खोल्या आहेत का, शिक्षक आहेत का, हे त्यांनीही बोलायला पाहिजे. त्यांच्या अध्यक्षांना भेटा. नगर जिल्ह्यातल्या निंबोडीत २०१७ च्या ऑगस्टमध्ये शाळेचं छत पडून मुलं गेली, त्यानंतर धोकादायक खोल्यांचे निर्लेखनाचे, म्हणजे रद्द करून पाडायचे, प्रस्ताव सगळीकडं झाले, पण पाडलेल्या खोल्यांच्या जागी नव्या खोल्या कितीतरी ठिकाणी झाल्याच नाहीत.

माळावरची
गावठाणच्या अध्यक्षांशी आत्ताच फोनवर बोलले. त्यांची एक खोली निर्लेखनात गेलीय आणि दोन वर्ग व्हरांड्यात भरतात. आमची १९ पोरं येणार हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते त्यांच्या समितीची सभा याच आठवड्यात घेतायत आणि त्यांचा ठराव आमच्या ठरावाबरोबरच जाणार आहे. काही उत्तर आलं की इथंच लिहीन.